भिंतीतली गुणगुण

२४ ऑक्टोबर

आज खर्सूधारला आले. कुणी पोचवायला आलं म्हणून नव्हे, स्वतःच्या पायांनी चढून आले, हे आधी लिहून ठेवते. लग्न जेठ महिन्यातच झालं होतं. पण परीक्षा होती म्हणून मी माहेरीच राहिले आणि इथे गावभर झालं की नवी ब्वारी, नवी सून, पुस्तकं घेऊन बसलीय, शेण काढायला काय सरस्वती येणार का. नवऱ्याने, यशपालने, ट्रंक पाठीवर घेतली आणि सबंध चढावर मला चिडवलं की यात दगड भरलेत की भाषणं.

दोन्ही भरलेत, मी म्हणाले.

गाव उतारावर आहे, एका घराच्या खाली दुसरं. आमचं सगळ्यात खालचं. वरच्या बहुतेक दारांना कुलपं आहेत, कुलपांना गंज आहे. मुलगे खाली मैदानी शहरांत उतरले, मागून सुना उतरल्या, शेवटी म्हातारेही उतरले. धूर निघतो तो मोजक्या छपरांतून. पण ऊन असं सोन्यासारखं पडलं होतं, झेंडू असा फुलला होता, की मला वाईट वाटायचं राहूनच गेलं.

सासूजी दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा लग्नात पदराआड पाहिला होता, आज उजेडात पाहिला. डाव्या बाजूला गाल नाही. डोळ्याच्या जागी कातडीची घडी. यशपाल तान्हा असताना गवताला गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. माझी नजर अडखळली हे त्यांना कळलं. म्हणाल्या, बघून घे एकदाच पोटभर. अर्धं अस्वलाने नेलं, उरलेलं सुनेला धाकात ठेवायला पुष्कळ आहे.

मला त्या लगेच आवडल्या.

माझी खोली वरच्या मजल्यावर, खाली गाय. मागची भिंत डोंगराला लागून, त्यामुळे मागून पाहिलं तर आमचा वरचा मजला जमिनीलाच टेकलेला. त्या भिंतीत मधमाश्यांचे तीन खण आहेत. बाहेरून बोट जाईल एवढं भोक, आतून शेणामातीने लिंपलेली लाकडी फळी. एका खणात माश्या आहेत, दोन रिकामे. भरलेला नेमका माझ्या उशाशी. सासूजींनी फळीवर तळवा ठेवला, चांगला गाल फळीला टेकला आणि आत सांगितलं की यशपालची ब्वारी आली बरं का, सतेश्वरी नाव हिचं, आता ही घरची. घरात कोणी येवो, जावो, जन्मो, मरो, माश्यांना सांगायचं असतं. माझ्या माहेरीही सांगतात, पण असं, लहान मुलाची समजूत काढल्यासारखं नाही. न सांगता कोणी निघालं तर माश्या रुसतात आणि घर उजाड होतं.

मला हसू आलं. त्या म्हणाल्या, हस हस, उद्या पहाटे गोठ्यात हसलीस तर खरी.

मग आपणहूनच म्हणाल्या, की अस्वलाच्या त्या दिवशी सकाळी भिंत गप्प झाली होती. अस्वल जवळ आलं की माश्या श्वास रोखून धरतात. त्यांना ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

आत्ता लिहिताना भिंत गुणगुणतेय. झोप छान लागेल.

२७ ऑक्टोबर

यशपाल काल दिल्लीला गेला. हॉटेलात रजा मिळत नाही. माश्यांना सांगून गेला, फळीवर टिचकी मारून, मित्राला हाक मारावी तसा.

आज जखमोला नावाचे वनरक्षक सूचना सांगायला आले. पलीकडच्या दरीत अस्वलं दिसताहेत. थंडी लांबली, ती झोपायला जातच नाहीत. चौकात सगळे जमले. बायका गवताचे भारे टाकून बसल्या, पुरुष आधीपासून बसलेलेच होते. जखमोला भला माणूस, पण कागदावरून वाचतो. एकटं जाऊ नका. पहाटे आणि सांजेला जाऊ नका. मोठ्याने बोलत चला, कमरेला घंटा बांधा. झुडपं तोडा, खरकटं उघड्यावर टाकू नका. समोर आलंच तर पाठ दाखवून पळू नका; अंगावर आलं तर पालथं पडा, मान आणि तोंड झाका.

मातबरसिंह बोडा, गावचे थोरले काका, सगळ्याला मान डोलावत होते. त्यांनी आयुष्यात गवताची काडी कापलेली नाही.

मला राहवेना. उभी राहिले आणि विचारलं की पहाटे जायचं नाही, तर गाईला काय हा कागद घालू? घंटा कमरेला बांधू, पण पाठीवर माझ्याहून मोठा भारा असताना तोंड कुठल्या हाताने झाकू? या सूचना ज्याने लिहिल्या त्याच्या घरी दूध पिशवीतून येतं. पहाडाचं सगळं ओझं बाईच्या पाठीवर आणि सावध राहायची जबाबदारीही बाईवरच! बायकांनी पदरात तोंड खुपसून हसून घेतलं. चैती बोडी, शेजारच्या थोरल्या काकू, मोठ्याने म्हणाल्या की यशपालने ब्वारी नाही आणली, लाउडस्पीकर आणलाय.

जखमोला रागावले नाहीत. म्हणाले, ताई, ते सगळं खरं. पण एक तरी करा. बंद घरांच्या भिंतींत माश्या आहेत, कोणी मध काढत नाही, खण तुडुंब भरलेत. तो वास दरीपलीकडे जातो. तेवढे खण रिकामे करा.

चौक एकदम गार पडला. बंद घरातल्या माश्या हाकलायच्या म्हणजे घराला सांगायचं की तुझा मालक आता परतणार नाही. सासूजी तर उठून उभ्याच राहिल्या. सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि मी बोलले. चांगली बोलले. म्हणाले की शाळा नेलीत, दवाखाना आणलाच नाहीत, माणसं गेली. या गावात आता इमानाने राहिल्यात त्या फक्त माश्या, त्याही तुम्हाला बघवत नाहीत?

टाळ्या पडल्या. जखमोलांनी कागदाची घडी केली. जाताना एवढंच म्हणाले, की ताई, अस्वल भाषण ऐकायला येणार नाही.

३० ऑक्टोबर

सगळ्यात वरचं घर फुटलं.

सकाळी आम्ही बायका बघायला गेलो. मागची भिंत बाहेरून उपसलेली. दोघांना मिळून हलणार नाहीत असे दगड लांब उतारावर फेकलेले. खणाची फळी आतल्या खोलीत पडली होती, तिच्यावर नखांचे चर. भोकातून सरळ आतली खोली दिसत होती. पलंग, भिंतीवर कुणाचा तरी लग्नातला फोटो, मेलेल्या माश्यांचा चिखल.

चैती बोडी म्हणाल्या, कुलूप बघा, कुलपाला ओरखडासुद्धा नाही. चोर मोठा कायद्याचा.

उरलेल्या माश्या अक्रोडाला घोस करून लटकल्या होत्या. दुपारी तो घोस उठला आणि खाली, थेट आमच्या घराकडे आला. सासूजींचा आनंद काय सांगू! थाळी वाजवली, रिकाम्या खणाला आतून तूप चोळलं, भोकापाशी हळद लावली. माश्या आत शिरल्या. सासूजींनी मला जवळ ओढलं, तळवा फळीवर ठेवायला लावला आणि म्हणाल्या, बघ, पोरकी लेकरं कशी दार ओळखतात.

तळव्याला भिंत गरम लागली.

१ नोव्हेंबर

इगास, दिवाळीनंतरची पहाडी दिवाळी. सकाळी पुऱ्या, उडदाची भजी, गाईच्या शिंगांना तेल. सांजेला ढोल आला. मातबरसिंह बोडांचा मुलगा दिगंबर रजेवर आलाय, फौजेत आहे. त्याने आणि पोरांनी चिडाच्या लाकडाच्या जुड्या, म्हणजे भैले, वेलीला बांधले, पेटवले, डोक्याभोवती गरागरा फिरवले. अंधार पडायच्या आत आगीची वर्तुळं. मीही एक फिरवला.

तेवढ्यात वरून दगड कोसळल्याचा आवाज. दुसरं बंद घर. ते तिथेच होतं, ढोल वाजत असताना, आम्ही नाचत असताना, आपलं काम करत होतं.

दारू प्यायलेले पुरुष आणि हातात आग. जखमोलांच्या कागदात याला कलम नव्हतं. ते ओरडत चढले, भिंतीच्या भगदाडापाशी त्याला अर्ध्या वर्तुळात कोंडलं. मी खालून पाहिलं. काळं, छातीवर पांढरा चंद्रकोरीसारखा पट्टा, तोंड मधाने माखलेलं. पळायला वाट मागत होतं. मान इकडे वळवी, तिकडे वळवी. वाट कोणी दिली नाही. दिगंबरने भैला फिरवून सोडला, तो तोंडावर बसला. मध पेटतो की केस, ठाऊक नाही, पण अर्धं डोकं पेटलं. त्याने जो आवाज काढला तो बाईचा होता. मला दुसरा शब्द सुचत नाही.

मग ते वर्तुळातून गेलं. दिगंबरमधून गेलं म्हटलं पाहिजे. एकच फटका, आणि त्याच्या डोक्याची कातडी कानासकट भुवयांवर उलटून आली. टोपी घसरावी तशी. तो उभाच होता. हाताने ती परत मागे सारायला बघत होता आणि विचारत होता की आग कुठे गेली, दिसत का नाही.

खुर्चीला बांधून त्याला रस्त्यापर्यंत नेला. जगेल म्हणतात.

आणि पोरं आरोळ्या देतच होती, की पळवला, पळवला! ढोल पुन्हा वाजला. सासूजी घरात गेल्या. मला म्हणाल्या, हे पळवणं नव्हे, ते परत इथेच येईल. मीसुद्धा जळत्या डोक्याने घरीच आले असते.

४ नोव्हेंबर

हे लिहायलाच हवं. कोणी तरी नीट लिहायला हवं.

काल आम्ही पाचजणी गवताला गेलो. ऊन डोक्यावर आल्यावर. एकत्र. मोठ्याने गात. चैती बोडींच्या कमरेला गाईची घंटा होती आणि त्या म्हणत होत्या, आता मला कोणी विकत घेतलं तर दूधही द्यावं लागेल. सगळ्या सूचना पाळल्या. एकूण एक.

ते मागून आलं नाही. कड्याच्या वरून उतरलं, सरळ, घाई न करता. अर्धं डोकं टक्कल, लाल, पू वाहणारं. एक डोळा शिजून पांढरा. गाणं थांबलं. बोडी माझ्यापासून हाताच्या अंतरावर होत्या. त्या पळाल्या नाहीत, पालथ्या पडल्या, मान झाकली. कागदात होतं तसंच. त्याने पंजाने त्यांना सुलटं केलं. माणूस कूस बदलतो तितक्या सहज. आणि तोंडाने तोंड धरलं.

घंटा वाजत राहिली.

मी विळा मारला. मानेवर, खांद्यावर, पुन्हा मानेवर. विळा हाडात रुतला, सुटेना. माझ्या हातांवर त्याचं गरम रक्त आलं, त्याला जळक्या केसांचा आणि मधाचा वास होता. त्याने मान वर केली. तोंडात बोडींचं जे होतं ते होतं. चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. माझा विळा अंगात घेऊन झाडीत गेलं.

बोडी रस्त्यापर्यंत पोचल्या नाहीत. त्यांना चेहरा नव्हता, तरी खूप वेळ श्वास होता. वाटेत मी त्यांचा हात धरला होता. कुणाचा हात आहे हे त्यांना कळावं म्हणून मी सारखी बोलत होते. काय बोलले आठवत नाही. पहिल्यांदाच आठवत नाही.

जखमोला पिंजरा घेऊन आले. मारायची परवानगी वरून यायचीय. त्यांनी मला काही ऐकवलं नाही. ऐकवायला हवं होतं.

५ नोव्हेंबर

काल अजून दोन घरं फुटली. वरून खाली, ओळीने, एकही न सोडता. पिंजरा वाटेतच आहे, आत मूठभर मध. त्याच्याभोवती पावलं उमटलीत, आत एकही नाही. भिंतीत मणभर असताना मूठभरासाठी कोण जाईल?

आणि सगळ्या माश्या आमच्याकडे. तिन्ही खण भरले. बाहेर भोकांभोवती थर लोंबताहेत. मध फळीच्या कडेने झिरपतोय, माझ्या उशीला लागलाय. भिंतीला हात लावला की गुणगुण दातांत कळते.

सासूजींना आज हात जोडले. म्हटलं, धूर करू, माश्या सोडून देऊ, मी चुकले त्या दिवशी, जखमोला बरोबर होते. त्या म्हणाल्या की आश्रयाला आलेल्यांना हाकलायचं? गावातल्या साऱ्या घरांची लक्ष्मी आज माझ्या भिंतीत बसलीय. मी म्हटलं, ती लक्ष्मी नाही, आमिष आहे. त्या म्हणाल्या, अर्धं तोंड दिलं तेव्हा घर सोडलं नाही, आता उरलेल्यासाठी सोडू? लोक काय म्हणतील, शेवटचं कुलूप यशपालच्या आईने लावलं?

तर्क माझा बिनतोड होता. त्यांनी माझ्या ताटात तूप वाढलं.

६ नोव्हेंबर

मातबरसिंह बोडा आज गाव सोडून गेले, सगळ्यांना घेऊन. चौकात उभे राहून सासूजींना हाका मारत होते की वहिनी, हट्टाला काही सीमा, चला. रडत होते. मला म्हणाले, ब्वारी, तू तरी चल, तू तरुण आहेस.

आमच्या वरचं घर त्यांचंच. त्यालाही आता कुलूप.

मी गेले नाही. ही बाई इथे एकटी मरेल आणि मी रस्त्यावर उभी राहून भाषण करीन, की पहाडात बाई कशी एकटी मरते? नाही. तिला घेऊनच उतरीन, नाही तर नाही.

फोन फक्त वरच्या धारेवर, डोंगरमाथ्यावर, लागतो. धार आता अस्वलाची झालीय.

७ नोव्हेंबर

धूर केला. गोवरी पेटवली, फळी उचकटायला गेले. सासूजींनी हात धरला. झटापट झाली. मी सासूला ढकललं. हे माझ्या हाताने लिहितेय. त्या भिंतीवर आपटल्या आणि भिंत ओरडली — माश्या एकदम —

आम्ही दोघी मग जमिनीवर बसलो. त्यांनी माझ्या हाताला भाजलं होतं तिथे तूप लावलं.

दुपारी मातबरसिंह बोडांच्या घरातून दगडांचा आवाज. एक. मग एक. घाई नाही.

८ नोव्हेंबर

गाय गेली.

पहाटे खालून तिने हाक मारली. आम्हाला मारली. मग दावं तुटल्याचं, मग ओलं काही — आम्ही वर, फळ्यांवर, तोंडावर हात धरून. जमिनीच्या फटीतून वाफ वर येत होती. अस्वल तिला मारून खात नव्हतं. खात खात मारत होतं. ती फार वेळ —

उजाडल्यावर गेलं. मी खाली पाहून आले. माझा विळा तिथे पडलाय. मूठ चावलेली.

सासूजी गाईपाशी बसून रडल्या. तिला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. मग उठल्या. म्हणाल्या, चल. तू म्हणतेस तसं. उतरू.

उतरू म्हणाल्या!

८ नोव्हेंबर, थोड्या वेळाने

बोचकं बांधलं. लख्ख ऊन आहे. अंगण मोकळं, खालची वाट मोकळी, मी दोनदा बघून आले. माझ्या खोलीच्या दारात बसून लिहितेय, अंगणावर नजर ठेवून.

सासूजी आत आहेत. माश्यांना सांगताहेत. न सांगता निघायचं नाही, तेवढं एक ऐक म्हणाल्या. तेवढं एक मी ऐकलं. पण तिन्ही खणांत अख्खं गाव आहे, आणि त्या प्रत्येक घराचं नाव घेताहेत. नेग्यांच्या माश्यांनो. बिष्टांच्या माश्यांनो. चैतीच्या माश्यांनो, तुमची चैती गेली, मला सांगायचं राहिलं —

मी हाक मारली. चला.

म्हणाल्या, झालंच. आपल्याच राहिल्यात.

माझ्या उशाशी बसल्या आहेत. तळवा फळीवर. गाल टेकलाय, चांगला गाल. यशपालच्या माश्यांनो, म्हणताहेत, मी आणि ब्वारी —

गुणगुण थांबली.

भिंत गप्प आहे. तिन्ही खण. सासूजींना कळलं नाही, त्या बोलताहेत अजून — फळीच्या कडेने उजेड येतोय. मागून. बाहेरचा दगड —

उजेड गेला.

सासूजी, गाल काढा, सासूजी, तोंड